उशीचं डोहाळजेवण

माझं तिसरं डोहाळजेवण झालं, तेव्हा मी गरोदर नव्हते.

पहिली दोन रीतसर झाली होती, एक मुलीच्या वेळी आणि एक मुलाच्या. पैकी मुलगी लग्न होऊन कुंभार पिंपळगावला नांदत होती आणि मुलाला मिसरूड फुटायला लागलं होतं. अशा वयात मला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसवलं ते आमच्या जालन्याच्या भगिनी मंडळानं. रीतसर ठराव करून!

मंडळ महिन्यातून एकदा जमे. आधी कामकाज, मग चिवडा. (चिवडा आधी दिला की कामकाज होत नाही, हा अनुभव.) त्या साली आम्ही मनावर घेतलं होतं, की सरकारी दवाखान्याला बायकांसाठी दोन खाटा आणि एक जाड पडदा द्यायचा. आडोसा नव्हता म्हणून बायका दवाखान्याची पायरी चढत नव्हत्या. अडलेली बाई घरातच तळमळायची. मागच्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतली एक तशीच गेली. तेव्हा खाटा आणि पडदा या बाबतीत आमच्यापैकी कुणीही चेष्टा ऐकून घेत नसे.

अडचण एकच होती. निजामाच्या अमदानीत सभा म्हटली की पोलिसांच्या अमीनसाहेबांची परवानगी लागे, आणि ती काही मिळत नसे. म्हणून आमच्या साऱ्या सभा हळदीकुंकू या नावाखाली भरत. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही ओढून ओढून शिमग्यापर्यंत नेलं. मग चैत्रगौरीला धरून बसलो. वैशाख उजाडला तसा चौकीवरचा जमादार दारात येऊन उभा राहिला.

"बाईसाब, तुमचं हळदीकुंकू आवंदा संपणार हाय का न्हाई?"

"संपलं की!" मी म्हटलं.

"मंग बराबर. आता पुन्हा गर्दी दिसली तर अमीनसाब मला इचारतील, अन् मी तुमाला."

झालं! निधी गोळा करायचा कार्यक्रम तर आठवड्यावर आलेला. मंडळाच्या अध्यक्ष ताराकाकू. वय साठीच्या पुढे, आवाज तोफेसारखा. त्यांनी तोड काढली.

"डोहाळजेवण करू. त्याला कोण परवानगी मागतंय? बायका ओटी भरायला येतील, ओटीत रुपये टाकतील. अगदी बिनबोभाट!"

"पण काकू, पोटुशी कोण आहे आपल्यात?"

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. दोघी नुकत्याच बाळंत झालेल्या, एक कुमारिका, तिघींच्या सुनांना सुना आलेल्या. नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या.

"माझी मुलगी सासरी गेलीय!" मी ओरडले.

"त्यात काय एवढं? होतं असं," ताराकाकू म्हणाल्या. "लिही. ठराव सर्वानुमते मंजूर."

चिटणीस मीच असल्यानं तो मलाच लिहावा लागला. (विरोध एक मत. ते कुणाचं, हे सांगायला नको.)

आता सातवा महिना दाखवायचा म्हणजे पोट हवं. आमचे हे रोज संध्याकाळी ज्या उशीला टेकून बसत, ती मी बांधून पाहिली. छान बसली. यांना सवडीनं सांगू म्हणून मी थांबले आणि तेच चुकलं. हे तहसिलीत कारकून. दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आले, चेहरा वांग्यासारखा झालेला.

"मला सगळ्या कचेरीनं मुबारक मुबारक करून सोडलं! मी विचारलं, कशाबद्दल? तर तहसीलदारसाहेबांसकट सगळे हसले. वर पेढे आणवले. माझ्या खर्चानं!"

मी खरा प्रकार सांगितला. हे मटकन खाली बसले आणि सवयीनं मागे टेकायला गेले. मागे उशी नव्हती.

"हे उघडकीला आलं ना, तर तुझं मंडळ बंद होईल आणि माझी नोकरी जाईल," हे जमिनीवरूनच म्हणाले.

"म्हणून तर उघडकीला येऊ द्यायचं नाही," मी म्हटलं आणि त्यांना हात देऊन उठवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आमचं अंगण बायकांनी फुललं. उन्हाचा कहर, अंगावर मोगऱ्याचे हार आणि पोटाला गच्च कापूस! मी आतल्या आत उकडून निघत होते. पण ओटीत रुपये पडत होते. खण, तांदूळ आणि हळूच निजामी नाण्याचा हाली रुपया. दर रुपयाला मला खाटेचा एकेक पाय दिसत होता. बाहेर ओट्यावर जमादार ताक पीत बसला होता. सगळं कसं सुरळीत!

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. गाडीतून उतरल्या आमच्या विहीणबाई! कुंभार पिंपळगावचा कुणीतरी बाजाराला आला होता, त्यानं बातमी नेली. विहीणबाई तरातरा आल्या आणि माझ्या पोटाकडे बघत उभ्या राहिल्या.

"ईनबाई, हे काय करून बसल्या तुमी?"

"आधी बसा तर खऱ्या," मी म्हटलं. दारात जमादार. बोलू तरी काय?

"बसू कशी? मला आता घोर लागला! तुमचं बाळंतपण कराया लेकीला बोलावसाल. माझी सून चार महिने इकडं, अन् तिकडं पेरणी तोंडावर. भाकरी कोन थापील? मी?"

मी डोळ्यांनी खुणा केल्या. त्यांना वाटलं कळा येताहेत.

"अगं बया! इला झालं सुरू!"

ही गडबड चालू असतानाच पडदे लावलेला टांगा आला. टांग्यातून उतरल्या खुद्द अमीनसाहेबांच्या बेगमसाहेब! जमादारानं साहेबांच्या घरी सांगितलं असणार, आणि त्यांना हिंदूंची ही रस्म बघायची हौस आली. ताराकाकूंचा तोफेसारखा आवाज एकदम बंद पडला. जन्मात पहिल्यांदा! आमचे हे माजघराच्या दारातून डोकावले आणि तसेच मागे सरकले.

बेगमसाहेब बुरखा वर करून माझ्यासमोर बसल्या. घामाघूम झाल्या होत्या.

"पानी मिलता क्या जी थोडा?"

आता माझा स्वभाव असा, की काम दिसलं की हात आधी जातो आणि अक्कल मागून येते. कुणी उठायच्या आत मी पाटावरून ताडकन उठले, कोपऱ्यातली भरलेली तांब्याची घागर उचलली आणि कमरेवर घेतली. घागरीच्या दणक्यानं उशी सरकली. आधी कुशीत गेली, मग पाठीवर. जाऊन तिथेच राहिली!

साऱ्या बायकांच्या माना उशीमागे वळल्या.

"या अल्ला," बेगमसाहेब म्हणाल्या, "इनका बच्चा पीठ पे गया!"

मी घागर खाली ठेवली. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. खाटा, पडदा, गल्लीतली ती बाई, सगळं. त्या ऐकत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे यांची नोकरी गोदावरी ओलांडून चालली होती.

बेगमसाहेब एकदम हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मेरेकू आठ बच्चे हुए. डॉक्टर दरवाजे के बाहर, मैं अंदर. बीच में अमीनसाब. मैं बोलती पेट में दर्द, वो बाहर बोलते सर में दर्द! आठों बार सर की दवा पी मैं!" त्यांनी बटव्यातून रुपये काढले आणि मूठ भरून माझ्या ओटीत टाकले. "परदा अच्छा मोटा लेना."

मग दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "जमादार! बिलकुल असली रस्म है. जाओ, साब कू बोलो."

जमादार ताकाचा शेवटचा घोट घेऊन निघून गेला. मी जो श्वास सोडला, तो आठवडाभर कोंडलेला होता!

एवढा वेळ विहीणबाई आ वासून बघत होत्या. त्या पुढे आल्या आणि त्यांनी माझी पाठ चाचपली.

"म्हंजी, न्हाईच का काही?"

"न्हाईच!"

"खरंच न्हाई? माझी सून माझ्यापाशीच राह्यती ना?"

"तुमच्यापाशीच!"

"आई रेणुके, पावली गं बाई!" त्या तिथेच बसल्या, पदरानं वारा घेतला आणि गाडीतून आणलेली अहेराची साडी त्यांनी मंडळाला देऊन टाकली. वर एक रुपया, सुटल्याच्या आनंदाचा. पावसाच्या आधी दवाखान्यात दोन खाटा आल्या, आणि ताराकाकूंनी स्वतः ओढून पाहिलेला जाड निळा पडदाही.

पुढच्या उन्हाळ्यात मला खरंच दिवस गेले.

यांना सांगितलं. यांनी उशी छातीशी धरली आणि म्हणाले, "ही देणार नाही." विहीणबाईंना निरोप धाडला, तर उलटा निरोप आला, "आवंदा फंड कशाचा?" सोबत एक रुपया. ताराकाकूंनी बैठकीत सगळ्यांसमोर माझी पाठ तपासली. सातवा महिना सरला तरी डोहाळजेवणाचं कुणी नाव काढेना. "तुमचं मागच्या साली झालं की!"

शेवटी मी बाळंत झाले ती त्याच खाटेवर, त्याच निळ्या पडद्याआड. पडद्यापलीकडे सगळं मंडळ कान लावून उभं होतं. पोरगी टाहो फोडून रडली, तेव्हा कुठे ताराकाकूंनी माझी बातमी मंजूर केली. सर्वानुमते. विरोध करायला त्या दिवशी माझ्यात त्राणच नव्हतं!