माझी बोटं ऑफिसात ठेवून जाऊ?

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बंद दाराशी भांडत होत्या.

"आत आहात, कळतंय मला. आत्ताच कप बशीत ठेवलात!"

दार उघडून संगणक विभागाचे साहेब बाहेर आले. "सकाळी सकाळी काय हो बाई?"

"रोजचंच. परवानगी."

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या त्या छापखान्यात मी नुकताच जाऊ लागलो होतो. निवृत्त मास्तराकडे दुसरं काही नसलं तरी खणखणीत आवाज उरलेला असतो. मी मूळ पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी ब्रेल मजकूर तपासायचा, असं आमचं काम. बाई जन्मापासून अंध. त्यांच्यापुढे हातभर लांब पट्टी असे. संगणकातली ओळ त्या पट्टीवर बारीक टाचण्या होऊन वर येई आणि बाईंची बोटं तिच्यावरून सरसर फिरत. "थांबा मास्तर, स्वल्पविराम गिळलात," असं त्या म्हणत, आणि मी खरंच गिळलेला असे.

पट्टी त्यांची स्वतःची होती. संध्याकाळी यूएसबीची वायर काढून त्या ती पिशवीतून घरी नेत, कारण झोपताना लेकीला गोष्ट वाचून दाखवायची ती या पट्टीवरूनच.

छापखान्यातले संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालत. तिथे बाहेरून लावलेल्या अशा वस्तूला हात लावायची मुभा साध्या वापरणाऱ्याला आपोआप मिळत नसे. ती साहेबांनी द्यायची. ते येत, उभ्या उभ्या दोन शब्द टाइप करत आणि टाचण्या उठत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं ठप्प. साहेब बैठकीत असले, की बाई मांडीवर हात ठेवून बसून राहत. एवढे हुशार हात असे रिकामे पाहून माझंच रक्त तापायचं.

"रोज वायर काढता कशाला?" साहेब वैतागून म्हणत. "राहू द्या की लावून."

"माझी बोटं आहेत ती. ऑफिसात ठेवून जाऊ?"

"मग काय, मुख्य पासवर्ड देऊ तुम्हाला?"

"मला तुमच्या घराची किल्ली नकोय हो! माझ्या ताटातलं मला जेवू द्या, एवढंच म्हणतेय."

एके दिवशी व्यवस्थापक आमच्या खोलीत आले. बाईंचं काम रोज उशिरा सुरू होतं, असं त्यांनी वर कळवलं होतं आणि बाईंना टेलिफोनवर बसवायचं ठरलं होतं. "बरंच आहे की," ते हसत म्हणाले, "फोनला कुणाची परवानगी लागत नाही."

बाई उठल्या. खुर्ची मागे आपटली.

"उशीर मी करते? यांच्या दारात ताटकळते मी, आणि उशीर माझा? बोलवा साहेबांना. आत्ता! काल दिलेली परवानगी आज जाते कुठे, ते मला सांगा. सांगितल्याशिवाय या खुर्चीवरून मी हलणार नाही."

खुर्ची पडलेलीच होती, पण हसायची कुणाची छाती झाली नाही. मी ती उचलून मागे ठेवली.

साहेब आले, रागारागाने बसले आणि पहिल्यांदाच नीट शोधू लागले. हळूहळू त्यांचा आवाज उतरला. वायर काढली की संगणकातली त्या पट्टीची नोंद पुसली जाई. पुन्हा लावली की नवी नोंद होई, आणि ती फक्त मुख्य पासवर्डवाल्याच्या, म्हणजे साहेबांच्या ताब्यात. साहेबांची परवानगी कालच्या नोंदीला होती, आणि ती नोंद संध्याकाळीच मेलेली असे.

"म्हणजे इतके महिने तुम्ही मढ्याला औषध पाजत होतात," बाई म्हणाल्या.

साहेबांनी एक कायमचा नियम लिहिला. या ओळख-क्रमांकाची पट्टी कधीही लागली, तरी ती तपासनिसांच्या गटाला वापरता यावी. गटात बाईंना घातलं. वायर काढून पुन्हा लावली.

टाचण्या उठल्या नाहीत.

"झालं?" बाई म्हणाल्या. "ही तुमची कायमची सोय?"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "गटात आत्ता घातलंय. संगणकाच्या लेखी तुम्ही अजून गटाबाहेरच्याच आहात. एकदा बाहेर पडून पुन्हा आत या."

बाईंनी संगणकातून बाहेर पडून पुन्हा आपल्या नावाने प्रवेश केला. टर्रकन टाचण्या उठल्या. बाईंनी स्वतः वायर उपटली, लावली, पुन्हा उपटली, पुन्हा लावली. दर वेळी ओळ उठली.

"चला, मिटलं!" व्यवस्थापक म्हणाले.

"काय मिटलं? मी कामचुकार आहे असं वर सांगितलंत. वर लावायचा फोन तुमच्याच टेबलावर आहे ना? चला. लावा. मी ऐकते."

आम्ही सगळे त्यांच्या टेबलापाशी गेलो, तरी ते घुटमळत राहिले. बाई उभ्याच राहिल्या. शेवटी फोन लागला आणि चूक बाईंची नाही, संगणक विभागाची होती, असं त्यांनी आमच्यासमोर सांगितलं.

बाई आजही तपासणीच्याच टेबलावर आहेत. संध्याकाळी पट्टी पिशवीत घालून घरी नेतात. व्यवस्थापकांशी मात्र कामापलीकडे एक शब्द बोलत नाहीत.