एका नवऱ्यासाठी दोन उपास

ज्येष्ठ शुद्ध चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा होती आणि मी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. तेवढ्यात मैत्रिणीचा नवरा आला.

या गृहस्थाने तीन वर्षांपूर्वी बायकोला ऐकवलं होतं, की लग्नात दोघांनी एकमेकांना मोकळं सोडावं. मग माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या दुसऱ्या मैत्रिणीशी त्याने सूत जमवलं. बायकोने सोसलं. पुढे तीही एका सहकाऱ्याबरोबर बॅडमिंटन खेळायला, कॉफी प्यायला जाऊ लागली, तर यानेच घटस्फोटाचा अर्ज ठोकला! राहतात मात्र दोघं अजून एकाच घरात.

"वहिनी, तिला जरा समजवा," तो म्हणाला. "आई ग्वाल्हेरहून आलीय. तिला यातलं काही माहीत नाही. उद्या वडाला फेरे मारले की झालं. कोर्टाचं कोर्टात."

"तुमच्या नावाने एक पूजा झाली की पंधरा दिवसांपूर्वी!"

झाशीतल्या हिंदी बायका वड अमावस्येला पूजतात, आम्ही पौर्णिमेला. त्या दुसरीने अमावस्येला सिव्हिल लाइन्समधल्या वडाला माझ्यादेखत सूत गुंडाळलं होतं. "किसके लिए?" विचारलं, तर म्हणे, "दीदी, आप भी ना!"

"ती त्यांची पद्धत, ही आपली," तो शांतपणे म्हणाला. जणू माझी तक्रार पंचांगाबद्दल होती. मी त्याला दार दाखवलं.

संध्याकाळी मैत्रीण आली. "हिरवी नेसू की जांभळी?"

"तू जाणार आहेस?"

"सासूबाईंसाठी गं. त्यांनी मला कधी दुखवलं नाही. फेऱ्यांनी काय होतंय?"

"सात जन्म हाच नवरा मागणार? आधी हा जन्म तरी निस्तर!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांना सांगायची हिंमत नाही माझी. आणि नाही सांगितलं, तर मी कायमची अडकले."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्याही आधी मी तिच्या घरी गेले. सासूबाई पूजेचं ताट लावत होत्या. अर्ज कुणी केला, का केला, अमावस्येला सूत कुणी गुंडाळलं, सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. चिरंजीव तोंडाला साबण लावलेले बाहेर धावले. "वहिनी, हे काय!"

सासूबाईंनी सुताचा गुंडा त्याच्या हातात कोंबला. "जा, तूच मार फेरे. बायको तुझी चाललीय."

मी मैत्रिणीला स्कूटरवर मागे बसवलं, घरी आणलं आणि पोटभर पोहे खायला घातले.