तांब्याच्या पिंपातले पाणी

पाणीपुरवठा कार्यालयाने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिले नाही, याचा संताप आजही ओसरलेला नाही. गटाराला खेटून गेलेली जलवाहिनी फुटली असल्याचे मी लेखी कळवले होते. पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. तरीही त्या उन्हाळ्यात घरात जे घडले, त्याचा सगळा दोष त्या कार्यालयावर टाकणे न्यायाला धरून होणार नाही.

धाकटी लेक पहिल्या बाळंतपणासाठी धुळ्याहून जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली होती. सहावा सरला होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचे, तेही गढूळ. पत्नी म्हणाली, "पोर दोन जीवनी शे. पानी उकाई लेऊत."

मी मनाई केली. पाणी उकळून पिणे म्हणजे त्या कार्यालयाची कसूर खपवून घेणे, असा माझा युक्तिवाद होता. शिवाय तांब्यात विषाणू टिकत नाहीत, हे मी वाचले होते. माळ्यावरचे जुने तांब्याचे पिंप मी खाली काढले. आतला हिरवा कळंक पाहून मन धजावेना, म्हणून भुसावळला नेऊन, समोर उभे राहून, आतून कल्हई करून आणली.

"तुमनं भांडन हापिसना संगे शे, पोरना संगे नही," पत्नी पुटपुटली. मी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

महिना-सव्वा महिन्याने लेकीचे डोळे पिवळे झाले. जळगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलण्यात आडपडदा नव्हता.

"काका, ही दूषित पाण्यातून येणारी कावीळ आहे. पोटुशीला ती जिवावर बेतू शकते. पाणी उकळत होतात?"

"तांब्याच्या पिंपात ठेवत होतो. रात्रभर."

"पिंप आतून कसं दिसतं?"

"चांदीसारखं. नवी कल्हई आहे."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मग पाणी तांब्याला लागलंच कुठे? ते कल्हईच्या कथिलातच राहिलं. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तरच विषाणूवर काही परिणाम होतो. त्यालाही कित्येक तास लागतात, आणि गढूळ पाण्यात त्याचा भरवसा नाही. उकळलं असतं तर पुरे झालं असतं."

बाहेरच्या बाकावर बसून मी कार्यालयाविरुद्ध नवी तक्रार लिहायला घेतली. 'कुटुंबाने सर्वतोपरी दक्षता घेतली होती' या वाक्याशी पेन अडले. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली; खोटे प्रतिज्ञापत्र कशाला म्हणतात, हे मला कोणी शिकवायला नको. कागद घडी करून मी लेकीच्या खाटेपाशी गेलो.

"आबा, परत पत्र का?" तिने विचारले.

"तुझी आई पाणी उकळायचं म्हणत होती. मी मनाई केली."

पोटावरचा हात तिने काढला नाही. म्हणाली, "आता नोटीस कोणाला देणार?"

मी कागदाची घडी उलगडली आणि ते दक्षतेचे वाक्य खोडले.

ती वाचली. तिची मुलगी दिवस भरण्याआधी जन्मली, तीही वाचली. तक्रार मी पाठवली, पाणी उकळायला मीच केलेल्या मनाईच्या उल्लेखासकट. लेक अजूनही माहेरी येते. मात्र नातीसाठी उकळलेले पाणी धुळ्याहून भरून आणते. ते संपले की स्वतः उठून शेगडीवर पातेले चढवते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा असतो. ती मला बाजूला व्हायला सांगते आणि मी होतो.