मोजायला आलेला पाहुणा

माझा मोठा भाऊ देवगाव फाट्याजवळच्या एका घरात राहतो. त्या घराचं कागदावरचं नाव इतकं लांब आहे की ते सांगून होईपर्यंत एसटी निघून जाते, म्हणून सगळेच त्याला फाट्यावरचं घर म्हणतात. घरात पाच जण आहेत. पाचही जण वयाने मोठे झाले, समज मात्र मागे राहिली. त्यांना सांभाळायला दिवसा एक मावशी असते आणि रात्री झोपायला एक गडी येतो. स्वयंपाक मावशी करते आणि ताटं मांडायचं काम भावाकडे आहे. ते काम दुसऱ्या कुणी केलेलं त्याला चालत नाही.

मी मानवतला शाळेत शिकवते. दर रविवारी सेलूला गाडी बदलून फाट्यावर उतरते आणि घरी पोचते तेव्हा भावाचं जेवण उरकलेलं असतं. कधी तो शेवटच्या घासावर असतो. मला बघून तो उठत नाही, हसतही नाही. "भाकर टोपल्यात हाय, घे वाढून," एवढंच म्हणतो. दोन गाड्या करून आलेल्या बहिणीसाठी माणसाने एक घास थांबवू नये, याचा मला राग येई. राग कुणावर काढावा हे कळत नसल्यामुळे मी तो एसटीच्या कंडक्टरवर काढत असे.

मग घर चालवणाऱ्या संस्थेने ठरवलं की अशा सगळ्या घरांची मोजणी करायची. किती राहणाऱ्यांमागे किती सांभाळणारे आहेत आणि देखभाल कितपत चांगली आहे, हे बघायला पुण्याहून माणूस येणार होता. नियमाने दिवसा दोन माणसं हवीत. आमच्याकडे एकच होती. देखभाल चांगली निघाली तर दुसरं माणूस मिळणार होतं. वाईट निघाली तर घर बंद होऊन पाचही जण दूरच्या शहरातल्या मोठ्या वसतिगृहात जाणार होते.

ते वसतिगृह मी बघून आले होते. स्वच्छ होतं, पंखे चालू होते, भिंतीवर फुलांची चित्रं होती. लांबलचक खोलीत ओळीने खाटा होत्या आणि फाटकाला कुलूप होतं. माझा भाऊ सकाळ-संध्याकाळ फाट्यापर्यंत चालत जातो, उभ्या असलेल्या एसटीकडे बघतो आणि परत येतो. एवढाच त्याचा उद्योग आहे आणि तो कुलपाच्या आत होणारा नव्हता. त्याला माझ्याकडे आणावं तर मी दिवसभर शाळेत, म्हणजे तिथेही कुलूपच. मला भीती वाटत होती. भीती वाटली की मी लोकांवर खेकसते, त्यामुळे त्या महिन्यात शाळेत शिस्त चांगली होती.

तपासणीच्या दिवशी शाळेत काय काय उसनं आणतात ते मी वर्षानुवर्षं बघत आले आहे. म्हणून मी मावशीला म्हटलं, त्या दिवसापुरती शेजारीण बसवून घ्या, दोन माणसं दिसतील. शेजारीण हौसेने नवं लुगडं नेसून दारात येऊन बसली. पुण्याचा माणूस आला. तरुण होता, चष्मा लावलेला, बोलायला अदबशीर. त्याने तिलाच पहिल्यांदा विचारलं, "आपण इथं काम करता का?"

"न्हाई," शेजारीण म्हणाली. "मला निस्तं बसायला सांगितलंय."

त्याने काहीतरी लिहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

सकाळभर त्याने अंथरुणं बघितली, मोरी बघितली, औषधांचा डबा बघितला. बारा वाजता तो म्हणाला की आता जेवण बघायचं आहे. जेवण वेळेवर मिळतं का, ज्याला मदत लागते त्याला ती मिळते का, ते त्याला कोपऱ्यात बसून टिपायचं होतं. भावाने ताटं मांडली. त्यात एक ताट जास्तीचं होतं. मावशीने वांग्याची भाजी, वरण आणि भाकरी वाढली.

"पाव्हणे, बसा," भाऊ म्हणाला.

"नको, तुम्ही जेवा. मी फक्त बघतो."

"बरं," असं म्हणून भावाने भाकरीच्या टोपल्यावर फडकं घातलं आणि ताटासमोर मांडी घालून बसला. बाकीच्या चौघांनीही हात मांडीवर ठेवले. पाहुणा त्यांच्याकडे बघत होता आणि ते पाहुण्याकडे बघत होते.

आमचं घर पूर्वी फाट्याला लागूनच होतं. गाडी चुकलेला जो येई तो आमच्याकडे टेकायचा आणि आई त्याला जेवू घातल्याशिवाय आम्हाला वाढत नसे. मी ते शाळेत जाऊन विसरले. भाऊ शाळेत गेलाच नाही. त्याने ते फाट्यावरच्या घरात आणलं आणि बाकीच्यांनाही लावलं.

बऱ्याच वेळाने मावशीने सांगितलं, "सायेब, तुमी जेवल्याबगर ही मंडळी न्हाई जेवायची."

"पण मला इथलं काही घेता येत नाही, मावशी. पाणीसुद्धा नाही. नियम आहे."

"मग कसं करावं? ह्या लेकराला फिट येतीया. त्येची गोळी जेवणावरची हाय. उपाशीपोटी दिली की उलटून टाकतंय."

लेकरू म्हणजे पन्नाशीचा बाप्या. तो भाजीकडे बघत होता, पण हात काही मांडीवरून उचलत नव्हता. मी भावाला म्हटलं, "दादा, जेवा की आता. ते नाही जेवणार." त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी भलतंच काही बोलले. पाहुण्याचं पेन थांबलं होतं. जेवण वेळेवर मिळतं का, या प्रश्नापुढे त्याला खरं तेच लिहावं लागणार होतं आणि खरं हे होतं की ऊन उतरायला लागलं तरी पाच माणसं वाढलेल्या ताटावर उपाशी बसली आहेत. पाहुणचारापायी आमचं घर बंद पडणार होतं.

तेवढ्यात मला त्याच्या बॅगेतून डोकावणारं स्टीलचं झाकण दिसलं.

"अहो, तो डबा ना तुमचा?"

"हो. परभणीच्या लॉजवरून बांधून घेतलाय."

"म्हणजे इथला नाही?"

"नाही."

"मग काढा आणि बसा पंगतीला!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले. तो दचकला, नियम मनातल्या मनात वाचत असावा तसा क्षणभर थांबला, आणि डबा घेऊन जास्तीच्या ताटासमोर येऊन बसला. भावाने फडकं काढलं. पाहुण्याने पहिला घास घेतला तशी पाचही जणांनी भाकरी मोडली. मावशीने गोळी दिली आणि पदराने कपाळ पुसलं.

भावाचं लक्ष पाहुण्याच्या डब्याकडे होतं. "कोरडंच हाय की," असं म्हणून त्याने वरणाची पळी उचलली. पाहुण्याने डब्यावर हात आडवा धरला. पळी तशीच राहिली, हातही तसाच राहिला. शेवटी पाहुण्याने आपल्या डब्यातली बटाट्याची भाजी भावाच्या ताटात वाढली. घ्यायला बंदी होती, द्यायला नव्हती. भावाने ती खाल्ली आणि सांगितलं, "मीठ कमी हाय."

जाताना पाहुणा मला म्हणाला, "मॅडम, आज माझ्यामुळे सगळंच वेगळं झालं. आज जे दिसलं त्यावर मला काही ठरवता येणार नाही. न कळवता एकदा परत येईन." त्याचं म्हणणं बरोबर होतं. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढेही बरेच दिवस नीट लागली नाही.

तो परत आला तो रविवारी. सेलूहून निघालेल्या गाडीत मी पुढे बसले होते आणि तो मागे. फाट्यावर उतरल्यावर आम्ही एकमेकांना बघितलं. आता धावत जाऊन मावशीला सांगणंही शक्य नव्हतं. आम्ही दोघं बरोबरच चालत घरी पोचलो.

आत पंगत अर्ध्यावर आली होती. फिट येणाऱ्याच्या हाताशी बसून मावशी त्याला भाकरी कुस्करून देत होती. भावाने तोंडात घास असतानाच आमच्याकडे बघितलं, आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे.

"भाकर टोपल्यात हाय, घ्या वाढून," असं म्हणून तो परत जेवायला लागला.

पाहुणा दारातच उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. हळूच मला म्हणाला, "आज माझ्यासाठी थांबले नाहीत. मागच्या वेळी माझं काही चुकलं का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझं मलाच कळलं की दर रविवारी दोन गाड्या करून मी हाच प्रश्न घेऊन इथे येत होते. पाहुण्यासाठी हा माणूस उपाशी बसतो. माझ्यासाठी तो कधी बसला नाही, कारण त्याच्या लेखी मी पाहुणी नव्हतेच. मला रडू आलं. शिक्षक असूनही मी ते सगळ्यांसमोर येऊ दिलं.

"चुकलं नाही," मी पाहुण्याला म्हटलं. "तुम्हाला आता घरातलं धरलंय."

त्याने पेन काढलं, कागद वरपासून खालपर्यंत बघितला, हे कुठे लिहायचं ते त्याला सापडलं नाही. मग तो कोपऱ्यात बसला आणि जेवण संपेपर्यंत बाकीचं सगळं भराभर लिहीत राहिला.

पुढे घर चालू ठेवायचं ठरलं आणि दिवसासाठी दुसरं माणूसही मिळालं. ती शेजारीणच. आता ती निस्ती बसत नाही.

निकाल कळला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेऊन गेले. वाटेत कंडक्टरशीही नीट बोलले. भाऊ जेवत होता.

"दादा, आपलं घर बंद होत नाही. तुम्ही इथंच राहायचं."

"मंग कुटं राहायचं?" तो म्हणाला. त्याने माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि टोपलं माझ्याकडे सरकवलं. "घे वाढून. गार व्हायलंय."