वरच्या ओळीतले नाव

एका निरपराध बाईकडून मी माफीनामा लिहून घेतला होता. नोकरीत हातून चुका बऱ्याच झाल्या. काहींची खातेनिहाय चौकशी झाली, काही कोणाला कळल्याही नाहीत. पण स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसल्यावरही जी पाठ सोडत नाही, ती ही एकच.

तेव्हा मी अंधेरीतल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकायची आणि दुरुस्त करायची, असा त्यांचा धंदा. मॅनेजर जेमतेम तिशीतला, आवाज घाबरलेला.

"सर, आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचा मेल आलाय. काल संध्याकाळी पाठवलाय, मी आत्ता बघितला. मला काही ठीक वाटत नाहीये."

त्याने तो मेल आम्हाला पाठवला. इंग्रजीत चार ओळी होत्या. अर्थ असा: उद्यापासून माझी जागा रिकामी दिसेल. यात कोणाचा दोष नाही. गोडाऊनच्या चाव्या वॉचमनकडे आहेत. माझ्या घरच्यांना त्रास देऊ नये. खाली त्या मॅडमचे नाव आणि हुद्दा.

मॅडम दोन-चार दिवस रजेवर होत्या आणि फोन उचलत नव्हत्या. मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितले आणि त्यांचे घर होते त्या बोरिवलीच्या ठाण्याला निरोप दिला. तिथले गस्तीवरचे बीट मार्शल घरी गेले. शेजाऱ्यांनी सांगितले, सगळे डोळ्यांच्या दवाखान्यात गेलेत. दवाखान्यात मॅडम सापडल्या, धडधाकट. सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, म्हणून फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवलेला. गणवेशातल्या दोघांनी भरल्या दवाखान्यात, सासूबाईंच्या देखत विचारले, "जीव देणार असं लिहिलंय का तुम्ही?"

माणूस जिवंत आहे म्हटल्यावर आम्हा पोलिसांची काळजी संपते आणि राग सुरू होतो. माझेही तसेच झाले. बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर आपण तिच्या घरी जायचे असते. मी तिलाच ठाण्यात बोलावले. दुपारी ती नवऱ्याबरोबर आली.

"मी असा मेल लिहिलेला नाही, साहेब."

"पत्ता तुमचा आहे ना?"

"आहे."

"नाव तुमचं?"

"हो, पण मी रजेवर आहे. माझे मेल ऑफिसमध्ये दुसरे बघतात. आणि साहेब, त्यात गोडाऊनच्या चाव्यांचं लिहिलंय. माझ्याकडे कधीच…"

"म्हणजे पासवर्ड दुसऱ्याला दिलात? मग जबाबदारी कोणाची? आमची? सकाळपासून दोन ठाण्यांची माणसं तुमच्यामागे धावतायत!"

नवऱ्याने विचारले, "अगं, काही असेल तर सांग ना. घरी काही बोललं का कोणी?" ती उत्तर देण्याआधीच मी कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगितला: असा खोडसाळपणा माझ्याकडून पुन्हा होणार नाही. तिने न वाचताच सही केली, तो मी अपराधीपणाचा पुरावा मानला. वास्तविक पोलीस ठाण्यात कोणीही दाखवाल तिथे सही करतो.

मॅनेजरला कळवले, मॅडम सुखरूप आहेत, विषय संपला.

संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. घामाघूम. हातात टाकी साफ केल्याची पावती.

"साहेब, शेजारधर्म म्हणून आधी एक फोन करायचा ना! डायरेक्ट पोलीस ठाण्याचा मेल? आमच्या मिसेसचं बीपी वाढलंय!"

"कसला मेल?"

त्यांनी मोबाईल दाखवला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण तुटले आहे, त्वरित कार्यवाही करावी, असा मजकूर. तो माझाच होता. मी तो सकाळी ठाण्याच्या कॉम्प्युटरवरून, चहा पिता पिता लिहिला होता. पण वर, पाठवणाऱ्याच्या ओळीत, माझा खासगी मेलचा पत्ता नव्हता. तिथे ठाण्याचा सरकारी पत्ता होता आणि खाली आपोआप उमटलेला माझा हुद्दा.

आमचा हवालदार मालवणचा, तोंडाचा तिखट. तो म्हणाला, "साहेब, वरची ओळ बदलायची रवली तुमची. त्या मशीनवर ठाण्याचो पत्तो पण आसा आणि तुमचो पण. आदी जो वापरलो असात तोच तिथे बसून ऱ्हवता. आता टाकीर गुन्हो दाखल करूया?"

सेक्रेटरीसुद्धा हसले. मीही हसायला लागलो, आणि मध्येच थांबलो.

मेल माझा होता आणि वर नाव ठाण्याचे होते. दुपारी तर मी त्या बाईला पत्ता कोणाचा आणि नाव कोणाचे एवढेच विचारले होते. आत काय लिहिले आहे हे ती सांगू लागली, तेव्हा मी तिला तोडले होते.

मी मॅनेजरला फोन लावला. "तुमच्या गोडाऊनच्या चाव्या कोणाकडे असतात?"

"चाव्या? काकांकडे. सर्व्हिसच्या तक्रारी तेच बघतात. जुने आहेत."

"मॅडम रजेवर असताना त्यांचे मेल कोण बघतं?"

"काकाच."

"आज आलेत का ते?"

फोनवर तो कोणाला तरी विचारू लागला. "ए, काका आज आलेत का रे?" मागून कोणीतरी म्हणाले, "बघितलं नाही यार." मग तिसऱ्याने सांगितले की सकाळपासून वॉचमनच गोडाऊन उघडतोय. अख्खा दिवस एक माणूस जागेवर नव्हता आणि ते पोलिसांनी विचारल्यावर कळत होते.

मी काकांचा नंबर घेतला. फोन बंद असेल याची खात्रीच होती. पण रिंग गेली, आणि दुसऱ्याच रिंगला उचलला.

"काका, मी अंधेरीहून पोलीस निरीक्षक बोलतोय. कुठे आहात?"

फोनमध्ये वारा घोंघावत होता. "माहुलला. बंदरावर."

मी हवालदाराला खूण केली. त्याने दुसऱ्या फोनवरून तिथल्या ठाण्याची गाडी मागवली.

"मेल वाचलात?" काकांनी विचारले.

"वाचला, काका. उशिरा वाचला. चूक माझी आहे."

"फोन दिवसभर चालू ठेवला होता. म्हटलं, मेल बघून कोणीतरी करेल. कोणी केला नाही."

गाडी पोहोचेपर्यंत त्यांना बोलते ठेवायचे होते. मी विचारले, "तिथे मासे काय मिळतात हो?" ते म्हणाले, "आता कसले मासे, साहेब. पण बोंबील असतात अजून." आम्ही बोंबलांवर बोललो. त्यांच्या घाटकोपरच्या चाळीवर बोललो, गिरणीत हयात घालवलेल्या वडिलांवर बोललो. मग फोनवर तिथल्या शिपायाचा आवाज आला, "आहेत साहेब, बसलेत. मी शेजारी बसतो."

त्यांच्या घरच्यांना बोलावले, डॉक्टरांना दाखवले. पुढे ते सावरले, गावी जाऊन राहिले. पण दोन दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते जे म्हणाले ते अजून ऐकू येते.

"नवीन सिस्टीम आली तेव्हा माझ्या नावाचा पत्ता बंद केला, साहेब. म्हणाले, काका, तुम्ही 'सर्व्हिस'वरून लिहा. मग साहेबांचे मेल बघायचं काम आलं, मग मॅडमचे. कोणी शिव्या दिल्या की मी दिवसभर दुसऱ्यांच्या नावाने माफी मागायचो. मला वाटलं, हा शेवटचा मेल तरी 'सर्व्हिस'वरून जाईल. तिथे मी बसतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. वरची ओळ बघितलीच नाही."

वरिष्ठांनी माझे कौतुक केले. प्रसंगावधान राखून प्राण वाचवले, असा शेरा मिळाला. मी तो घेतला. दुपारच्या माफीनाम्याबद्दल मी कोणाशीच बोललो नाही.

काही महिन्यांनी ती बाई ठाण्यात आली, या वेळी एकटीच.

"साहेब, मला एक कागद द्याल का? तो मेल मी लिहिला नव्हता, एवढंच. घरी दाखवायला."

"पण आता सगळ्यांना माहीत आहे ना?"

"ऑफिसमध्ये माहीत आहे. घरी सासूबाईंना वाटतं, मेल माझाच होता आणि तुम्ही मला सांभाळून घेतलंत. बाल्कनीच्या दाराला कुलूप असतं. मुलाला माझ्याजवळ एकटा ठेवत नाहीत. मी आंघोळीला गेले की बाहेरून हाका मारतात. चांगल्या मनानेच करतात हो. पण मी काय करू?"

असा दाखला देण्याची पद्धत नाही, असे मी म्हणालो. खरे कारण वेगळे होते. तो कागद द्यायचा तर तिचा माफीनामा बाहेर काढावा लागला असता. "बघू," म्हणालो. ती थँक्यू म्हणून गेली.

गुन्हेगार ओळखायला मला नोकरीने शिकवले. पण समोरचा माणूस काय सांगतो आहे ते शेवटपर्यंत ऐकायला मी शिकलो नव्हतो. मी नाव वाचून थांबत होतो. त्या एका दिवसात माझे दोनदा चुकले: जिने लिहिले नव्हते तिला मी पकडले, आणि ज्याने लिहिले होते तो दिवसभर माझ्या फोनची वाट पाहत बसला.

निवृत्तीनंतर एका रविवारी मी बोरिवलीला गेलो. गणवेश नव्हता, हातात कागदही नव्हता. दार सासूबाईंनी उघडले. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आधी मागे वळून सुनेकडे पाहिले. तिच्या मागे बाल्कनीचे दार होते. कुलूप अजून होते.

मी बसलो नाही. घरातली सगळी माणसे बाहेर येईपर्यंत उभा राहिलो. मग म्हणालो,

"आजी, तो मेल तुमच्या सुनेने लिहिला नव्हता. मी तिला सांभाळून घेतलं नाही. त्या दिवशी ती खरं सांगत होती आणि मी ते ऐकलं नाही. खोटा होता तो मी लिहून घेतलेला कागद. ताई, तुम्ही मागायला आलात तेव्हाही मी तुम्हाला परत पाठवलं. माझं चुकलं. मला माफ करा."