भिंतीवरचा परतावा

आयकर खात्यानं मला परत केलेले पैसे माझ्या सासऱ्यांनी भिंतीवर टांगले होते आणि त्यांच्याखाली पाटावर बसून मी दोनदा कोंबडी खाल्ली. दोन्ही वेळा रस्सा ओरपत आयकर खात्याच्या नावानं शिमगाही केला.

हे असं का झालं ते सांगतो. यात माझी चूक फार थोडी आहे. (बायको वेगळं सांगते. तिचं तुम्ही ऐकू नका.)

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आनंद एवढा, की आमच्या कोपऱ्यावरच्या पानटपरीनंही रातोरात 'जिल्हा पान सेंटर' अशी पाटी लावली. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना कारकून लागतात, म्हणून मला नांदेडहून उचलून लातुरात टाकलं. साहेब आले, शिपाई आले, नवे कोरे गोल शिक्के आले. फक्त पाणी आलं नाही. दुष्काळ होता. त्याची पाहणी करायला मोठे साहेब यायचे, विश्रामगृहात भरपूर आंघोळ करायचे, आणि त्या दिवशी आमच्या गल्लीचा टँकर चुकायचा.

बदलीच्या सामानात माझ्या विम्याच्या पावत्या हरवल्या. हरवू नयेत म्हणून मी स्वतःच त्या जपून ठेवल्या होत्या, त्यामुळं त्या सापडायचा प्रश्नच नव्हता. पावत्या नाहीत म्हटल्यावर कचेरीनं वर्षअखेरीच्या पगारातून कर असा काही कापला, की पाकिटात पगाराची नुसती आठवण उरली. पुढं कधीतरी त्या पावत्या पापडाच्या डब्यात निघाल्या. (झाकण घट्ट होतं. पावत्या चांगल्या कुरकुरीत राहिल्या होत्या.) जास्तीचा कापलेला कर सरकार परत करतं असं कळलं, म्हणून मी विवरणपत्र भरायला बसलो.

त्यात पत्त्याचा रकाना होता. लातुरातलं आमचं बिऱ्हाड शिवलिंगअप्पांच्या किराणा दुकानामागच्या दोन खोल्यांत, आणि घरमालक म्हणून अप्पा कधी जागा खाली करायला सांगतील याचा भरवसा नव्हता. मुखेडला वाडवडिलांचं घर होतं, पण तिथं थोरले बंधू राहायचे, आणि त्यांच्या दारात गेलेली वस्तू परत आल्याचं एकही उदाहरण आमच्या घराण्यात नाही. मी डोकं चालवलं. परताव्याचा कागद हरवू नये म्हणून पत्ता दिला सासऱ्यांचा, मुक्काम इस्लापूर, तालुका किनवट. मग सही केली, पाकीट पोस्टात टाकलं आणि कोणता पत्ता दिला ते साफ विसरून गेलो.

इकडं घरात माझी बायको शीला तापलेली होती. टँकरचा नियम साधा होता. ज्याच्या दारात टाकी, त्याच्या टाकीत पाइप सोडायचा. ज्याच्याकडं नुसत्या घागरी, त्यानं रांगेत उभं राहून उरलंसुरलं घ्यायचं. शीला रांगेत भांडायची, चेपलेली घागर घेऊन घरी यायची आणि भांडण अपुरं राहिलं असेल तर माझ्याशी पुरं करायची. परतावा आला की अप्पांच्या परसात सिमेंटची टाकी बांधू, असं मी रोज सांगायचो. अप्पांनी जागा द्यायला होकारही भरला होता. (पैसे माझे आणि टाकी कायमची त्यांची, मग होकार कोण भरणार नाही?) शेवटी शीलानं एक दिवस ट्रंक भरली, पोरांना घेतलं आणि माहेरी निघाली. इस्लापूरच्या विहिरीला अजून पाणी होतं.

"टाकी बांधून झाली की कळवा," दारातून ती म्हणाली. "तवर आमी तिकडंच."

एस.टी. सुटली आणि मी स्टोव्हवर खिचडी करपवायला लागलो. करपलेलं भांडं घासायला पाणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरं भांडं करपवलं. भांडी संपत आली तसा अप्पांना माझा कळवळा आला.

"बायको रुसून गेलेली बघितली, पळून गेलेली बघितली," ते तराजू पुसत म्हणाले. "टाकीपायी गेलेली पहिलीच बघायलाव."

मी कारकून माणूस, मी लढाई कागदावरच करणार. परतावा अजून का आला नाही, अशी आयकर खात्याला पत्रावर पत्रं झोडायला सुरुवात केली. पहिल्या पत्रात 'सविनय' होतं. दुसऱ्यातून 'सविनय' काढून टाकलं. तिसऱ्यात आपल्या ढिलाईपायी एका सरकारी नोकराचा संसार उघड्यावर पडल्याचं कळवलं. त्यापुढच्यात स्पष्टच विचारलं, की माझ्या टाकीच्या पैशांवर आपल्या कार्यालयात कोण कोण आंघोळी करीत आहे, त्यांची नावे कळवावीत! कचेरीतले सहकारी ही पत्रं टाकायच्या आधी मोठ्यानं वाचायचे आणि मला दाद द्यायचे. दाद मिळाली की मी आणखी एक शब्द तिखट करायचो. ('निर्लज्ज' हा शब्द निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्कनं सुचवला. त्याचं काय जात होतं?)

मधूनमधून पोरांना बघायला इस्लापूरला जायचो. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, रेल्वेत गँगमन होते. किनवटच्या लाइनीवर रूळ ठोकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या घरात एक भिंत मानाची. तिथं बुद्धाची तसबीर, आमच्या लग्नाचा फोटो आणि मामांना नोकरी सोडताना मिळालेलं प्रशस्तिपत्रक. जावयाचा पाटही मानानं त्याच भिंतीला टेकून मांडायचे. म्हणजे सगळं घर माझ्याकडं बघत असे आणि माझी पाठ त्या भिंतीकडं. वर एक नवी तसबीर लागलीय आणि तिला झेंडूचा हार घातलाय, एवढं मी आत शिरताना पाहिलं होतं. वाटलं, नात्यातलं कुणी गेलं असेल. कोण गेलं विचारावं तर रडारड होते, रडारड झाली की कोंबडी गार होते, म्हणून विचारलं नाही.

हातात तंगडी धरून मी आयकर खात्याची सालटी काढत होतो. मामा पाणी प्यायचे थांबले.

"जावई, सरकारला असं बोलू नका," ते हळूच म्हणाले. "त्यायनं तर तुमचा लई मान केला."

"कसला मान, मामा? लुटलं मला."

मामांनी माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी बघितलं, सुस्कारा सोडला आणि शीलाला मला रस्सा वाढायला सांगितलं. मला वाटलं, पेन्शन खाणारा माणूस आहे, सरकारची निंदा सोसवत नसेल. शीला चुलीकडं तोंड करून खोकत होती. पुढच्या खेपेलाही हेच सगळं झालं. फक्त तिचा खोकला वाढला होता, म्हणून मी तिला अडुळसा घ्यायला सांगितलं.

मग एकदाचं उत्तर आलं. आपला परतावा आपणच कळविलेल्या पत्त्यावर केव्हाच पाठविला आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली इस्लापूरचा पत्ता होता. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि शिपायाला पाणी मागितलं. पाणी नव्हतं.

तसाच नांदेडला गेलो आणि तिथून किनवटची गाडी धरली. मामा ओसरीवर बसले होते. माझ्या नावचं पोस्टानं काही आलं होतं का, असं मी चपला न काढताच विचारलं.

"आलं की," मामा म्हणाले. "त्याच्याखालीच तर जेवता तुमी."

मी आत जाऊन पहिल्यांदाच त्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. झेंडूच्या हारामागं, काचेच्या आत, माझी सिमेंटची टाकी मला दिसली.

मामांनी सगळं सांगितलं. पाकिटातून कडक कागद निघाला, त्यावर अशोकाचे सिंह आणि खाली जावयाचं नाव टाइप केलेलं. मामांनी तो आश्रमशाळेच्या मास्तरला दाखवला. मास्तर बाजाराच्या घाईत होता. इमानदारीनं कर भरणाऱ्याला सरकार हे देत असतं, एवढं बोलून तो सायकलवर बसला. मामांनी तेवढंच धरलं. सरकारनं आपल्या जावयाला इमानदारीचं सर्टिफिकेट दिलं! ते मुद्दाम किनवटला गेले, काच बसवून आणली, हार घातला आणि आळीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

हा कागद बँकेत देऊन पैसे घ्यायचे असतात, असं मी सांगितलं. मामांनी तसबिरीकडं पाहिलं.

"मंग आता काढायचं म्हन्ता?" त्यांनी विचारलं. "लोक काय म्हनतील, जावई? सरकारनं इमानदारी वापस नेली म्हनतील."

तरी त्यांनीच स्टुलावर चढून तसबीर उतरवली, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि माझ्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं. पण टाकी दिसत होती, म्हणून मी लगेच मागची पट्टी उचकटली. आतला कागद पुठ्ठ्याला चिकटवलेला होता, सगळ्या बाजूंनी, मैद्याच्या खळीनं. रूळ हलू नयेत म्हणून जन्मभर राबलेल्या माणसानं तो चिकटवला होता, आणि तो हलला नाही.

मग अख्खी तसबीरच घेऊन निघालो. मामांनी हार काढू दिला नाही. एस.टी.त एका म्हातारीनं सरकून जागा दिली, तसबिरीला हात जोडले आणि कोण गेलं म्हणून विचारलं. मी म्हणालो, "पैसे." ती आणखी थोडी सरकली.

बँकेतल्या कॅशियरनं काचेतून कागद वाचला आणि मुदत संपल्याचं सांगितलं. शिवाय पाठीमागं माझी सही लागते म्हणाला. पाठीमागं खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. कॅशियरनं आषाढ महिना लक्षपूर्वक पाहिला आणि मला आयकर कार्यालयाचा रस्ता दाखवला.

तिथले अधिकारी शांत स्वभावाचे निघाले, हे माझं दुर्दैव. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझी फाइल मागवली. फाइलमध्ये माझी सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली होती, आणि ती त्यांनी मला एकेक करून वाचून दाखवली. कचेरीत फार ठसकेबाज वाटलेली वाक्यं तिथं मला ओळखू येईनात. 'निर्लज्ज'पाशी थांबून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हाराकडं पाहिलं.

"हे आंघोळीचंही तुम्हीच लिहिलंय?"

"हो साहेब."

"आमच्याकडंही टँकरच येतो," ते म्हणाले आणि पुढचं पत्र उघडलं.

माणूस मात्र भला. मूळ कागद पुठ्ठ्यासकट, कॅलेंडरसकट जमा करून घेतला आणि नवा द्यायची व्यवस्था केली. या वेळी मी लातूरचा पत्ता दिला. काही दिवसांनी त्यांच्याकडून दोन पाकिटं आली. एकात परतावा होता. दुसऱ्यात माझ्या पत्रांच्या भाषेबद्दल इंग्रजीत लेखी समज होती.

पैसे मिळाले, टाकी झाली. अप्पांनी तिला नारळ फोडला आणि आपलं नाव घातलं. मी शीलाला आणायला ऐटीत इस्लापूरला गेलो. मामा ओसरीवर नव्हते, आत भिंतीकडं पाठ करून बसले होते. भिंतीवर त्या जागी नुसता खिळा होता आणि खाली चुन्याचा पांढरा चौकोन. टाकी झाल्याचं सांगितलं तरी शीला जागची हलेना.

"बाबा पारावर जाऊन नाही राहिले," ती म्हणाली. "लोक इचारतेत, सर्टिफिकेट कुठं गेलं."

"पण तो परतावा होता, हे त्यांना—"

"मला पहिल्याच दिवशी ठावं होतं. मॅट्रिक झालेली हाय मी."

तो खोकला कसला होता ते आता मला कळलं. मग सांगितलं का नाहीस, असं विचारलं.

"लग्न झाल्यापासून बाबा तुमाला 'मुखेडवाले' म्हनायचे," ती खाली बघत म्हणाली. "त्या कागदापासून 'आमचे जावई' म्हनून राहिले. टाकी काय, कवाबी झाली असती."

पाणी नसलेल्या गावात मी टाकीसाठी एवढा थयथयाट केला, आणि इथं बाई आपली टाकी बापाच्या भिंतीवर टांगून गप्प बसली होती. मी पिशवीत हात घातला. दुसरं पाकीट आत होतं. कागद कडक, सिंह आधीपेक्षा मोठे, खाली शाईची ठसठशीत सही. मी तो मामांच्या हातात दिला आणि म्हणालो, मामा, हे मोठ्या साहेबांनी स्वतः सही करून दिलंय.

मामांनी सिंहांवरून बोट फिरवलं. "हे तर आदल्यापेक्षा मोठं हाय."

"हो. आदलं इमानदारीचं होतं. हे वागणुकीचं आहे, माझ्या पत्रांची भाषा बघून दिलेलं."

शीलाला एवढा मोठा खोकला आला की ती परसात पळाली. दुसऱ्या दिवशी ती ट्रंक घेऊन माझ्याबरोबर लातूरला निघाली आणि मामा काच बसवायला किनवटला.

ती तसबीर अजून त्या खिळ्यावर आहे. तिच्याखाली बसून मी जेवतो आणि कुणाबद्दल वावगा शब्द काढत नाही, कारण वाढता वाढता शीला वर बघते. जावयाची भाषा बघून सरकारनं ते दिलं, असं मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आणि ते काही खोटं नाही. तेव्हापासून इस्लापूरला गेलो की ओसरीवर माणसं बसलेली असतात. सगळ्यांना सरकारला द्यायचे अर्ज माझ्याच हातून लिहून हवे असतात.