रुमालातलं खोबरं

शेजारच्या गावचे सरपंच बोलताना समोरच्याचा हात हातात घेतात आणि बोलणं संपलं तरी सोडत नाहीत. दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून सौर प्रकल्प करायचं ठरलं. जागा आमच्या गायरानाची, वीज मात्र आधी त्यांच्या शिवारातल्या पंपांना. मी आमच्या पंचायतीचा सदस्य, म्हणून विचारलं, "आमचा नंबर मागून काहून?"

माझा हात दाबत ते म्हणाले, "दोन्ही गावं एकच हायेत भाऊ. कायले शंका घेता?"

इतक्या उन्हातही त्या हाताला घाम नव्हता.

भूमिपूजनाचा नारळ त्यांनीच फोडला. आमच्याकडे दोन गावांचं काही ठरलं, की प्रसाद तिथंच एकमेकांसमोर खातात. खाल्ला, म्हणजे शब्द दिला. आम्ही सगळ्यांनी खाल्ला. त्यांनी आपला तुकडा रुमालात बांधला.

"मायसाठी नेऊन राह्यलो," ते म्हणाले. आईचं नाव काढल्यावर कोण काय बोलणार?

ते गेल्यावर मी घराकडे निघालो. त्यांची गाडी उभी होती, तिथंच तो तुकडा मातीत पडला होता. मुंग्या लागल्या होत्या.

माझ्या तोंडात खोबऱ्याची गोडी अजून होती.